पंपाचे तास कोण मोजणार? कोल्हापूरच्या बंबांची निवड आणि निगा

साडेचार हजार लिटर. शहरात धावणाऱ्या सर्वसाधारण बंबाच्या टाकीत साधारण एवढं पाणी मावतं. पंप मिनिटाला २,२५० लिटर फेकणारा असेल आणि तो पूर्ण ताकदीनं चालवला, तर ही टाकी दोन मिनिटांत कोरडी पडते. एकच ६३ मिलिमीटरचा होज लावून जपून पाणी मारलं, तरी आठ-दहा मिनिटांत तळ दिसतो. त्यानंतर बंबाकडे उरतो फक्त पंप. पाणी विहिरीतून, तळ्यातून, नदीतून किंवा दुसऱ्या टँकरमधून ओढायचं आणि आगीवर फेकत राहायचं, हे त्याचं खरं काम तिथून सुरू होतं. अग्निशमन दलाची गाडी कशी निवडावी आणि कशी सांभाळावी, याचे बहुतेक प्रश्न या साध्या हिशेबातून निघतात. आपल्याकडे चर्चा मात्र गाड्या किती आहेत, एवढ्यावरच अडते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हाही तेच झालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं हे नाट्यगृह केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री कोल्हापूरकरांच्या डोळ्यांदेखत गेलं. रंगमंचाचं लाकूड, पडदे, खुर्च्या, छप्पर अशा वास्तूत एकदा आग वर चढली की ती आटोक्यात आणायला पाण्याचा अखंड मारा लागतो. महापालिकेच्या गाड्यांच्या मदतीला बाहेरचेही बंब आले. नंतर किती गाड्या आल्या, किती वाजता आल्या, उशीर झाला का, यावर भरपूर बोललं गेलं. कोणत्या गाडीचा पंप शेवटचा कधी तपासला होता आणि तो किती पाणी देत होता, हे विचारणारं कुणी दिसलं नाही.

आधी संख्येचंच बघू. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा जुना निकष असा: पहिल्या तीन लाख लोकसंख्येपर्यंत दर पन्नास हजारांमागे एक पंपिंग युनिट, त्यापुढे दर लाखामागे एक, आणि शिवाय राखीव गाड्या. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे सहा अधिक तीन, नऊ युनिट आणि वर राखीव. हिशेब सरळ आहे. पण कोल्हापूरला तो लागू करताना दोन ठिकाणी अडतो. पहिली अडचण हद्दीची. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द होती तिथंच राहिली. शहर मात्र उचगाव, पाचगाव, कळंब्याच्या दिशेनं कधीच बाहेर पडलं. गांधीनगरची कापडपेठ हद्दीबाहेर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती हद्दीबाहेर. आग हद्द बघून लागत नाही आणि वर्दी आल्यावर ‘हे गाव आमच्यात नाही’ असं म्हणता येत नाही. हद्दीबाहेरच्या वर्दीचं शुल्क नंतर वसूल करता येतं, पण तेवढा वेळ शहरातला बंब शहरात नसतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. कागदावर मोजलेलं युनिट आणि आज रात्री अडीच वाजता सेल्फ मारल्याबरोबर सुरू होणारं युनिट यांत फरक असतो. वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स उघडून ठेवलेली गाडीही यादीत असतेच.

आता निवडीचं. कोल्हापूरसाठी बंब निवडायचा म्हणजे एकाच शहरातल्या चार-पाच वेगवेगळ्या गावांसाठी निवडायचा. महाद्वार रोड, गुजरी, पापाची तिकटी, गंगावेशीच्या आतल्या गल्ल्या, शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेतले बोळ इथं अडीच मीटर रुंदीची मोठी गाडी शिरली तरी वळत नाही. वळली तर लावलेल्या दुचाकींमुळे अडते. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती काय अवस्था असते, ते सांगायला नको. इथं छोट्या चेसिसवरची, हजार-दीड हजार लिटर पाणी आणि उच्च दाबाची होज रील असलेली गाडीच उपयोगाची. उच्च दाबानं पाण्याचे अगदी बारीक थेंब होतात, ते चटकन वाफ होऊन उष्णता शोषतात आणि कमी पाण्यात पहिली पाच-सात मिनिटं भागतं. मागून मोठी गाडी रुंद रस्त्यावर थांबते आणि होज अंथरून छोटीला पाणी पुरवते. पेठेत ही जोडी लागते. एकटी मोठी गाडी शोभेची आणि एकटी छोटी अपुरी.

उद्यमनगरात आणि शिरोलीत गोष्ट उलटी. रस्ते बरे आहेत, पण आत फौंड्री आहे. वितळलेल्या लोखंडावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू उडतो. तिथं पाण्याचा फवारा घेऊन धावत जाणं म्हणजे आत्मघात. कोरडी पावडर, फोम, वाळू यांची सोय असलेली गाडी आणि कारखान्यात काय वितळतं हे आधीच माहीत असलेली माणसं, दोन्ही लागतात. इचलकरंजीकडे सूत आणि कापूस. वरून विझल्यासारखी दिसणारी गाठ आत तासन्‌तास धुमसत राहते, म्हणून तिथं पाण्याचा साठा आणि टिकून चालणारा पंप महत्त्वाचा. आणि करवीर, कागल, हातकणंगल्यात ऊस. फडाला लागलेल्या आगीत मोठा बंब बांधाशी थांबतो. आत जातो तो ट्रॅक्टरमागचा टँकर आणि फवारणीचा पंप. कारखान्यांचे बंब मदतीला येतात, पण हंगामात रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो. मला वाटतं, तालुक्याच्या पातळीवर अशा ट्रॅक्टर-टँकरांची नोंद ठेवणं आणि त्यांना बंबाच्या होजला जुळेल असं कपलिंग बसवून देणं, हे एका नव्या बंबाच्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे.

पुराचा प्रश्न तर फक्त कोल्हापूर-सांगलीलाच नीट कळतो. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही पुढे गेली. २०१९ ला पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. म्हणजे शिरोलीकडून मदत शहरात येत नाही आणि शहरातून तिकडे जात नाही. अशा वेळी गाड्यांची वाटणी पाणी चढण्याआधी व्हायला हवी: नदीपलीकडे निदान एक पंप आणि एक माणसांचा गट आधीच नेऊन ठेवायचा. गाडी निवडतानाही एअर इनटेक किती उंचीवर आहे, बॅटरीची पेटी कुठं आहे, बोटीचं इंजिन (ओबीएम) तेलासकट ठेवायला कप्पा आहे का, हे बघायला हवं. निविदेच्या तपशिलात हे आपसूक येत नाही. इथल्या माणसानं ते लिहावं लागतं.

राहिली शिडी. उंच इमारतींसाठी टर्न टेबल लॅडर हवी, अशी मागणी प्रत्येक वाढत्या शहरात होते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनंतर छोट्या शहरांतही मजले वाढले, त्यामुळे मागणी चुकीची म्हणता येणार नाही. पण एवढी जड शिडी उभी करायला चारी बाजूंनी जॅक टाकण्याइतकी रुंद आणि भक्कम जमीन लागते, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा नसाव्या लागतात, आणि तिची हायड्रॉलिक यंत्रणा नियमित चालवावी लागते. कोट्यवधींची शिडी घेऊन ती वर्षातून एकदा कवायतीत उघडणं यापेक्षा इमारतीतला वेट रायझर आणि स्प्रिंकलर चालू आहे ना, हे बघण्यात शहाणपण आहे. शिडीचा फोटो मात्र चांगला येतो, हे मान्य.

खरेदी कशी होते, ते सर्वसामान्यांना फारसं ठाऊक नसतं. बंब नावाची तयार गाडी शोरूममध्ये मिळत नाही. टाटा, अशोक लेलँड, आयशर अशा कंपनीची चेसिस घ्यायची, मग बॉडी बांधणारा वेगळा उत्पादक तिच्यावर टाकी, पंप, केबिनमागची कर्मचाऱ्यांची बैठक, कप्पे, शिड्या, सायरन बसवतो. पूर्वी बरीच सरकारी खरेदी केंद्राच्या डीजीएसअँडडीच्या दरपत्रकावरून होई. ते खातं २०१७ मध्ये बंद झालं आणि त्याची जागा जेम पोर्टलनं घेतली. वॉटर टेंडरसाठी भारतीय मानक आयएस ९५०, रेस्क्यू टेंडरसाठी ९४९, होजसाठी ६३६, कपलिंग-नोझलसाठी ९०३ अशी मानकं आहेत. मानक म्हणजे पायरी. त्या पायरीवर उभं राहून आपल्या गावापुरतं काय हवं ते जोडायचं असतं. प्रत्यक्षात पुष्कळदा शेजारच्या नगरपालिकेची जुनी निविदा उतरवून काढली जाते. मग कमी दराचा नियम लागतो, आणि तपशील जितका मोघम तितका कमी दर देणाऱ्याचा फायदा. टाकी साध्या पोलादाची की स्टेनलेस स्टीलची, एवढी एकच ओळ सोडून दिली तर सहा-सात पावसाळ्यांनंतर टाकीचा तळ गंजून पाणी झिरपू लागतं. टाकीत आडवे पडदे किती आणि कुठं, हे लिहिलं नाही तर वळणावर साडेचार टन पाणी एका बाजूला आदळतं. जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या घाटात ही गोष्ट चालकाला पाठीत जाणवते.

कपलिंगचं महत्त्व पटवायला अमेरिकेतलं एक जुनं उदाहरण पुरेसं आहे. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहराचा मध्यभाग पेटला. वॉशिंग्टनपासून फिलाडेल्फियापर्यंतचे बंब रेल्वेनं मदतीला आले आणि त्यांतल्या अनेकांचे होज बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात, कारण प्रत्येक शहराचा आटा वेगळा. आपल्याकडे ६३ मिलिमीटरचं एकसारखं कपलिंग सर्वत्र आहे, म्हणून एका गावचा होज दुसऱ्या गावच्या बंबाला लागतो. पण चेसिसच्या बाबतीत आपण बाल्टिमोरच आहोत. एकाच ताफ्यात तीन कंपन्यांच्या, चार प्रकारच्या गाड्या. प्रत्येकीचा फिल्टर वेगळा, क्लच प्लेट वेगळी, पंप वेगळा. ज्याला रात्री गाडी चालवायची त्याला प्रत्येक गाडीचा पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारा जोड) टाकायची पद्धत वेगळी लक्षात ठेवावी लागते. पुढच्या दहा वर्षांसाठी एकच चेसिस आणि एकच पंप ठरवणं, ही कदाचित सगळ्यांत मोठी बचत ठरेल. दरवर्षी वेगळ्या निधीतून एकेक गाडी घेण्याच्या सवयीत ते बसत नाही. कधी जिल्हा नियोजनातून, कधी महापालिकेच्या स्वनिधीतून, कधी केंद्राच्या योजनेतून असा निधी तुकड्यातुकड्यानं येतो.

गाडी आली, हार घातला, नारळ फुटला. त्यानंतरची पंधरा वर्षं कोण बघतं?

अग्निशमन केंद्रात पाळी बदलताना चालक गाडी सुरू करून बघतो: ब्रेकचा हवेचा दाब, तेल, बॅटरी, सायरन, टाकी भरलेली आहे का. ही सवय चांगली आहे आणि बहुतेक ठिकाणी पाळली जाते. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बंबाचं इंजिन दोन कामं करतं. ते गाडी पळवतं आणि गाडी उभी असताना पीटीओमार्फत पंप फिरवतं. केंद्रापासून आगीपर्यंत तीन किलोमीटर, तिथं पाच तास पंप चालू, परत तीन किलोमीटर. मीटरवर दिसतात सहा किलोमीटर. इंजिन मात्र भर उन्हात, वारा न खाता, पाच तास राबलेलं असतं. उभ्यानं इंजिन तासभर चाललं तर चाळीस-पन्नास किलोमीटर धावल्याइतकी झीज धरावी, असा ढोबळ ठोकताळा परदेशातले ताफे सांभाळणारे लोक वापरतात. त्या हिशेबानं या एका वर्दीचे दोनशेहून जास्त किलोमीटर झाले. पण लॉगबुकात किलोमीटर लिहायचे, किलोमीटरवर ऑइल बदलायचं आणि किलोमीटरवरच ‘गाडी कमी चालली आहे’ असा शेरा मारायचा, ही कारकुनी सवय बंबाला मारक ठरते. प्रत्येक गाडीला तासांचा मीटर असायला हवा आणि पंपाचे तास वेगळे लिहायला हवेत. खर्च जवळजवळ काही नाही; लागते ती सवय.

पंपाची तब्येत कळते ती प्रायमिंगला. सक्शन पाइप पाण्यात सोडून प्रायमर चालवला की पंपातली हवा निघून पाणी वर चढलं पाहिजे. समुद्रसपाटीला पाणी तत्त्वतः दहा मीटरच्या थोडं वर चढू शकतं. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यानं त्यातला अर्ध्या मीटरहून थोडा जास्त इथंच जातो, आणि व्यवहारात सात मीटरच्या पलीकडे भरवसा ठेवू नये. पंचगंगेचा काठ उन्हाळ्यात किती उंच असतो हे ज्यानं घाटावरून पाहिलंय, त्याला यातली अडचण कळेल. ग्लँडमधून थोडी हवा गळत असेल, सक्शनचा रबरी वायसर वाळला असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर पाणी चढतच नाही. टाकीतल्या पाण्यावर हीच गाडी झकास चालते, म्हणून दोष दिसत नाही. तो दिसतो आग लागल्यावर, टाकी संपल्यानंतर. म्हणून कोरडी व्हॅक्यूम चाचणी महत्त्वाची: सगळं बंद करायचं, प्रायमर चालवायचा, काटा खाली आणायचा, थांबायचं आणि पाच मिनिटांत काटा किती सरकतो ते बघायचं. दर आठवड्याला एकदा. याला ना पाणी लागतं, ना पैसा.

आपलं पाणीही बंबाला सोपं नाही. पंचगंगेत केंदाळ, स्ट्रेनर तुंबला की पंप उपाशी फिरतो. पुरानंतर चिखल उपसायला, रस्ते धुवायला बंब लावले की गाळ-वाळू इम्पेलर घासून टाकते. गढूळ पाणी ओढल्यावर स्वच्छ पाण्यानं पंप धुवायचा, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. सलग तीन दिवस पुरात राबलेल्या माणसाकडून तो सुटतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत राज्यभर बंबांतून सोडियम हायपोक्लोराइट फवारलं गेलं. त्या घाईत दुसरा इलाज नव्हता, पण ते द्रावण धातू आणि रबर दोन्ही खातं. ज्या टाक्या, पंप आणि होज त्या वर्षी फवारणीला लागले, त्यांची वेगळी तपासणी व्हायला हवी होती. टायरचं उलटं आहे. बंबाचे टायर झिजून जात नाहीत, वयानं जातात. नक्षी नवीकोरी आणि रबर आतून तडकलेलं, वर साडेचार टन पाणी. टायरवर बनण्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तेवढं वाचलं तरी पुरे.

१ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठी बीएस-६ निकष आले आणि नवा घोळ सुरू झाला. धूर गाळणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी इंजिन रस्त्यावर चांगलं तापलं पाहिजे. बंब तापत नाही. तीन किलोमीटर जातो आणि उभा राहतो. युरियाचं द्रावण संपलं किंवा सेन्सर बिघडला की इंजिन आपली ताकद आपणच कमी करतं. अमेरिकेत हीच तक्रार आल्यावर तिथल्या पर्यावरण संस्थेनं २०१२ मध्ये आणीबाणीच्या वाहनांना यात सवलत दिली. आपल्याकडे निदान दर पंधरवड्याला गाडी महामार्गावर तासभर पळवून आणायची एवढं तरी वेळापत्रकात बसवता येईल. डिझेल जाळल्याबद्दल लेखापरीक्षक आक्षेप घेणार नाहीत, याची लेखी सोय मात्र आधी करावी.

दुरुस्ती कुणी करायची, यावर माझं मत ठाम आहे. चेसिस कंपनीचं सर्व्हिस सेंटर पंपाला हात लावत नाही, बॉडीवाला इंजिनाला लावत नाही, आणि पीटीओ दोघांच्या मधे लोंबकळतो. वार्षिक देखभालीचा करार असला तरी गाडी दुसऱ्या शहरात पाठवावी लागते. आणि हे होतं कुठं? ज्या शहरात शिवाजी उद्यमनगर आहे, जिथं पंपाचं केसिंग ओतणाऱ्या, इम्पेलर तासणाऱ्या, शाफ्ट घासून देणाऱ्या शेकडो कार्यशाळा आहेत, तिथं! इथले कारागीर देशभराच्या पंप आणि इंजिन कंपन्यांना सुटे भाग पुरवतात. ग्लँड पॅकिंग, बेअरिंग, गनमेटलचा इम्पेलर यांसाठी बंब परगावी जावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मूळ भागाचा नकाशा, धातूचा प्रमाणित दर्जा आणि काम झाल्यावर पंपाची चाचणी, या तीन अटींवर उद्यमनगरातल्या कार्यशाळांची यादी तयार करता येईल. इंजिन आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक्स कंपनीकडेच राहू द्यावेत. तिथं जुगाड नको.

जुन्या गाड्यांचं काय? केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी आणि पालिकांच्या गाड्यांची नोंदणी संपते. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना सूट मिळाली. बंबांच्या ताफ्यांत मात्र अनेक राज्यांत एकदम मोठी खिंडारं पडली. नियम वाईट हेतूचा नाही. प्रदूषण आणि सुरक्षितता दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत. पण वय हा एकच मापदंड दोन्ही बाजूंनी फसतो. दहा वर्षांत पंप चालवून चालवून थकलेली गाडी कागदावर तरुण ठरते आणि सोळा वर्षांची, नीट जपलेली भंगारात जाते. अमेरिकेतलं मानक पंधरा वर्षांनंतर गाडी राखीव ताफ्यात टाका आणि पंचवीस वर्षांनंतर बदला असं सुचवतं, सोबत दरवर्षी पंपाची चाचणी सक्तीची धरून. आपण वय घेतलं, चाचणी घेतली नाही. अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्रानं २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली, तिच्यातून राज्यांकडे पैसा येतो आहे. तो नव्या गाड्यांवर जाईल हे उघड आहे. त्यातला काही वाटा सुटे भाग, चाचणीची उपकरणं आणि नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात यंत्रचालक पाठवण्यावर गेला, तर नव्या गाड्या टिकतील.

शेवटी एक विसंगती. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकानं आपली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. न दिल्यास अग्निशमन दल नोटीस काढतं. उजळाईवाडीच्या विमानतळावर क्रॅश टेंडर नादुरुस्त झाला तर विमानतळाची अग्निसुरक्षा श्रेणी खाली येते आणि आधीच्या, वरच्या श्रेणीचं विमान उतरू शकत नाही. शहराच्या बंबाला मात्र असा बांध नाही. आरटीओचं पासिंग ब्रेक, दिवे आणि धूर बघतं. पंप किती पाणी फेकतो, हे त्यात येत नाही.

१९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशमन जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. कोल्हापुरात त्या आठवड्यात प्रात्यक्षिकांसोबत आणखी एक काम व्हावं. रंकाळ्याच्या काठावर एकेक बंब उभा करावा, सक्शन तळ्यात सोडावा, पाणी चढायला किती सेकंद लागले आणि पंपानं मिनिटाला किती लिटर दिलं हे मोजावं, आणि गाडीच्या नंबरासकट तो तक्ता महापालिकेच्या मुख्य इमारतीत लावावा. सभागृहात नगरसेवक असोत किंवा प्रशासक, नव्या बंबाला मंजुरी देण्याआधी त्यांनी हा तक्ता मागावा. आणि तो लावला गेला नाही, तर नागरिकांनी माहिती अधिकारात मागावा. अर्जाला दहा रुपये लागतात.